लहरींची शेजपाळी



गेल्या पावसाळ्यात आपल्या केंद्रावर एका वाडीवरून रोज फोन यायला लागला. "ताई, तुमच्या कार्यक्रमात टक-टक येतंय. दर सेकंदाला एक. बाळंतिणीच्या आहाराचं सांगत होतात, निम्मं कळलंच नाही." आमच्या यंत्रात काही बिघाड नव्हता. बाकीच्या गावांतून तक्रार नव्हती. शेवटी आमचा तंत्रज्ञ आणि मी, हातात ट्रान्झिस्टर घेऊन, मोटारसायकलवरून वाडीवर गेलो. टकटक जिकडं वाढेल तिकडं जायचं, एवढंच आमचं शास्त्र. जाता जाता एका मक्याच्या बांधावर थांबलो. रानडुकरांसाठी झटका मशीन लावलेली होती. पावसानं गवत वाढून तारेला टेकलं होतं आणि दर झटक्याला तिथं बारीकशी ठिणगी पडत होती. मालकीणबाईंनी मशीन बंद केली, विळ्यानं हातभर गवत कापलं, परत चालू केली. टकटक गायब.

ठिणगी पडली की तिच्यातून रेडिओची लहर निघते. सव्वाशे वर्षांपूर्वी बिनतारी संदेश पाठवायला सुरुवात झाली ती ठिणग्या पाडूनच. म्हणजे त्या बाईंच्या मक्याच्या बांधावर, त्यांच्या नकळत, एक छोटं रेडिओ केंद्रच चालू होतं. आणि आपलं केंद्र त्या वाडीपासून लांब, त्यामुळे तिथं पोचेपर्यंत आपला आवाज दमलेला. जवळच्या ठिणगीपुढं तो हरला.

हे आठवलं कारण आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे जे आपल्यापेक्षाही फार फार दमलेले आवाज ऐकायचा धंदा करतात. आणि ते ऐकता यावेत म्हणून जगभरातल्या लोकांनी लहरी कशा वाटून घेतल्या आहेत, त्याविषयी.

आधी आपलंच उदाहरण. आपलं केंद्र ९०.४ मेगाहर्ट्झवर लागतं. म्हणजे आपली लहर एका सेकंदात ९ कोटी ४ लाख वेळा हेलकावे घेते. या लहरीची लांबी सव्वातीन मीटरच्या थोडी वर, हातानं मोजली तर साधारण सात हात. हा आकडा आम्ही मनानं ठरवलेला नाही. दिल्लीहून, दूरसंचार विभागाकडून तो मिळतो. किती ताकदीचं यंत्र लावायचं, खांब किती उंच, हेही ठरवून देतात. आपलं यंत्र ५० वॅटचं, खांब ३० मीटरच्या वर जाता कामा नये. म्हणून आपला आवाज दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. मला सुरुवातीला याचा राग यायचा. पन्नास वॅट म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढे! पण आपण जास्त जोरात बोललो तर पलीकडच्या तालुक्यातलं ९०.४ वरचं दुसरं केंद्र तिथल्या बायकांना ऐकू येणार नाही. कॅनॉलवरच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. शेजपाळीत ज्याची पाळी त्यानं पाणी घ्यायचं, पाळी संपली की दार टाकायचं. हेडवाल्यानं रात्री गुपचूप दार उचललं तर टेलच्या रानाला पाणी पोचत नाही.

लहरींच्या पाण्यावर टेलला बसलेला शेतकरी म्हणजे आकाशाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाची सहल लेण्याद्री आणि ओझर करून खोडदला गेली होती. खोडद म्हणजे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. तिथं जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या सुमारास, ती लोकांना बघायला खुली असते. दुर्बीण म्हटल्यावर आम्ही नळी शोधत होतो. बघतो तर तारेच्या जाळीच्या प्रचंड परड्या, आभाळाकडं तोंड करून उभ्या. एक परडी ४५ मीटर रुंद. अशा ३०. चौदा मध्यभागी जवळजवळ, आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना, टोमॅटो-कांद्याच्या शेतांमधून, गावागावांत पसरलेल्या, पार २५ किलोमीटरच्या परिघात. गोविंद स्वरूप नावाच्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली आणि १९९०च्या दशकात ती उभी राहिली. भरीव पत्र्याऐवजी पातळ तारेची जाळी ताणून वापरली, म्हणून खर्च आवाक्यात राहिला आणि वाराही आरपार जातो. काटकसरीचं काम, आपल्याला पटण्यासारखं.

आमच्यातल्या एका आजींनी विचारलं, "एवढ्या मोठ्या जाळीतून दिसतं काय?" तिथला विद्यार्थी हसून म्हणाला, "दिसत नाही आजी, आम्ही ऐकतो." मग आजींचा दुसरा प्रश्न, "आणि बोलतं कोण?"

बोलत मुद्दाम कुणीच नाही. पण ठिणगीतून जशी लहर निघते तशी आभाळातल्या वायूतून, तापलेल्या ताऱ्यांतून, सूर्यातूनही निघत असते. हे कळलं ते चुकून. अमेरिकेत कार्ल जान्स्की नावाचा इंजिनिअर होता. दूरच्या फोनमध्ये खरखर कुठून येते ते शोधायचं काम कंपनीनं त्याला दिलं होतं, थोडक्यात, आमच्या टकटकीसारखंच. विजांची खरखर त्याला सापडली. पण एक बारीकशी फुसफूस उरली, आणि ती रोज चार मिनिटं आधी यायची. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, हे पहाटे उठून कृत्तिका बघणाऱ्या जुन्या बायकांना माहीत होतं. फुसफूस आकाशगंगेतून येत होती. १९३३ मध्ये त्यानं ते जाहीर केलं.

हा आवाज किती बारीक असतो? समजा चंद्रावर कुणी साधा मोबाइल चालू करून ठेवला. पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आभाळातल्या सगळ्यात प्रखर दिव्यांपैकी एक वाटेल. खरे तारे आणि दीर्घिका त्याच्यापुढं काजवेसुद्धा नाहीत. आता तोच मोबाइल चंद्रावर नाही, तर दुर्बिणीच्या शेजारच्या बांधावर, आपल्या पिशवीत आहे असं समजा. म्हणूनच तिथं आम्हाला फोन बंद ठेवायला सांगितलं होतं. आमच्यातल्या दोघींनी फोटोसाठी तरी चालू केलेच, तेही सांगून टाकते.

आता वाटणीचं. सगळ्या विश्वात सर्वांत जास्त असलेला वायू म्हणजे हायड्रोजन. पाण्यातही तो आहे. थंड, शांत हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झवर अगदी मंद लहर सोडतो. लांबी २१ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. हॉलंडच्या एका शास्त्रज्ञानं १९४४ मध्ये गणितानं हे सांगितलं आणि १९५१ मध्ये अमेरिकेत हार्वर्डला ती लहर प्रत्यक्ष सापडली. आकाशगंगेचे फाटे कसे पसरलेत, ती कशी फिरते, हे या वीतभर लहरीनं दाखवून दिलं. मग १९५९ मध्ये जिनिव्हाला जगातल्या देशांची बैठक झाली, तिथं पहिल्यांदा मान्य झालं की नुसतं ऐकणाऱ्यालाही वाटा हवा. आज १४०० ते १४२७ हा पट्टा असा राखून ठेवला आहे की तिथं कुणीही, कुठल्याही देशानं, काहीही प्रक्षेपित करायचं नाही. गायरानच म्हणा. फक्त ऐकण्यासाठी.

ही वाटणी करणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ. तारायंत्राच्या काळात, १८६५ मध्ये ती सुरू झाली. आता ती संयुक्त राष्ट्रांचा भाग आहे. दर तीन-चार वर्षांनी मोठी परिषद भरते, चार आठवडे. मागची २०२३ च्या शेवटी दुबईत झाली. मोबाइल, विमानं, जहाजं, पोलीस, हवामान खातं, उपग्रह, आपल्यासारखी छोटी केंद्रं, सगळ्यांचे पट्टे तिथल्या नियमांच्या पुस्तकात असतात. मात्र या संघाच्या हातात काठी नाही. पाटकऱ्यानं नोंद करायची, तक्रार लिहायची. दार टाकायचं काम ज्या त्या देशाच्या सरकारचं.

काठी नसल्यावर काय होतं ते सांगते, आणि हे आपल्या वावरापर्यंत येतं. हाच १४०० ते १४२७चा पट्टा जमिनीतली ओल मोजायलाही लागतो. माती स्वतःहून मंद रेडिओ लहरी सोडते. कोरडी माती जास्त, ओली कमी. वीतभर लांबीची लहर पिकाच्या पानांमधून बरीचशी वर येते, त्यामुळे वरच्या चार-पाच सेंटिमीटर थरात किती ओल आहे ते उपग्रहाला वरून कळतं. युरोपनं २००९ मध्ये स्मॉस नावाचा उपग्रह सोडला, अमेरिकेनं २०१५ मध्ये स्मॅप. दुष्काळाचा, पुराचा, पिकाचा अंदाज बांधायला ही मापं कामी येतात. आपण वापसा बघायला मूठभर माती दाबून बघतो, तेच काम हे उपग्रह साऱ्या पृथ्वीचं करतात.

स्मॉस वर गेला आणि पहिल्याच काही महिन्यांत लक्षात आलं की राखीव गायरानात शेकडो ठिकाणी जनावरं सोडलेली आहेत. कुठं रडार, कुठं टीव्हीची जोडणी, कुठं बिनपरवाना यंत्रं. युरोपात, आशियात. जिथं असं यंत्र चालू, तिथली माती उपग्रहाला दिसेनाशी होते. आमच्या टकटकीत आहाराची माहिती बुडाली तशी. मग पत्रव्यवहार सुरू झाला. उपग्रहवाल्यांनी जागा शोधून दिल्या, देशोदेशीच्या सरकारांना लिहिलं. काहींनी यंत्रं बंद केली, काहींनी दुरुस्त केली. काही ठिकाणी वर्षानुवर्षं चालूच राहिली. त्या भागातल्या शेतकऱ्याला कुणी येऊन सांगितलं नसेल, की बाबा, तुझ्या तालुक्याची ओल नकाशावर नाही, कारण कुणीतरी आपल्या पाळीबाहेर दार उचललंय. पाणी चोरीला गेलं तर चारी कोरडी दिसते. लहर चोरीला गेली तर काहीच दिसत नाही, हा यातला सगळ्यात अवघड भाग.

चोर दर वेळी बाहेरचाच असतो असंही नाही. ऑस्ट्रेलियात पार्क्स नावाच्या गावाजवळ, मेंढ्यांच्या कुरणांच्या मुलखात, एक मोठी रेडिओ दुर्बीण आहे. तिला अधूनमधून एक चमत्कारिक, क्षणभराचा ठोका ऐकू यायचा. वर्षानुवर्षं कोडं सुटेना. २०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ नावाच्या तरुण संशोधक मुलीनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी ते सोडवलं. ठोके बहुतेक कामाच्या दिवशी, जेवणाच्या वेळेला यायचे. दुर्बिणीच्याच आवारातल्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह ओव्हन होता. अन्न गरम होऊन घंटी वाजायची वाट न बघता कुणी घाईनं दार उघडलं, की बंद होता होता ओव्हनमधून लहर निसटायची. बस. शास्त्रज्ञांनाही भूक लागते आणि त्यांनाही धीर नसतो, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

याच्या उलटही झालंय. १९६७ मध्ये इंग्लंडात केंब्रिजला जोसेलिन बेल ही विद्यार्थिनी, स्वतः खांब ठोकून तारा ओढून उभारलेल्या दुर्बिणीच्या कागदाच्या भेंडोळ्या वाचत होती. एका ठिकाणी जेमतेम पाव इंचाची खरखर. आधी शंका हीच, की कुठलं तरी यंत्र, जवळची मोटारगाडी. पण ती खरखर ताऱ्यांच्या वेळेनं यायची, घड्याळाच्या नाही. तो आकाशातला अगदी नेमानं ठोके देणारा तारा निघाला, स्पंदक. त्यावरचं नोबेल पारितोषिक १९७४ मध्ये तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिला नाही. ते असो. पण तिच्या रानाशेजारी आजच्यासारखी गर्दी असती, तर ती पाव इंच खरखर तिला निवडून काढता आली असती का?

आता आपल्या खोडदची एक गोष्ट. २०१६ सालच्या १९ ऑक्टोबरला युरोप आणि रशियाचं एक यान मंगळावर उतरणार होतं, नाव शियापरेली. त्याचा संदेश मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. थोड्याशा वॅटची लहर, ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि अंतर सतरा कोटी किलोमीटरहून जास्त. तरी खोडदच्या परड्यांनी ती पकडली. यान हवेत शिरलं, छत्री उघडली, हे सगळं इथं, टोमॅटोच्या शेतांमध्ये बसून ऐकू आलं. मग उतरायच्या ठरल्या वेळेच्या जेमतेम मिनिटभर आधी आवाज थांबला. यान आपटलं होतं. आपण जमिनीवर पोचलोच, असा त्याच्या संगणकाचा गैरसमज झाला आणि छत्री आधीच सुटली, असं पुढं तपासात निघालं. पण त्या शेवटच्या मिनिटापर्यंत काय झालं ते कळलं, कारण त्या दिवशी त्या लहरीवर कुणी मध्ये बोललं नाही.

हे मुलानं सांगितलं तेव्हा आजी एकदम गप्प झाल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "पडताना कुणीतरी ऐकत होतं, एवढं तरी झालं."

राखीव पट्टा एकदा कागदावर आला म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. विश्व पसरतंय, त्यामुळे लांबून येणारी लहर वाटेत ताणली जाते. १४२० वर निघालेली लहर आपल्याकडं पोचते तेव्हा खालच्या आकड्यावर आलेली असते. २०२३ मध्ये खोडदच्या दुर्बिणीच्या नोंदींतून अशाच एका दूरच्या दीर्घिकेतला हायड्रोजन सापडल्याचं जाहीर झालं. ती लहर ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली, आणि इथं पोचली ती ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास. तो आकडा राखीव नाही. त्याच परिसरातला पट्टा आपल्याकडं २०२२ मध्ये मोबाइल कंपन्यांसाठी लिलावात ठेवला होता. त्या वेळी कुणी बोली लावली नाही. पुढं कुणी घेणार नाही असं कोण सांगेल? आणि घेऊ नये असं तरी कसं म्हणायचं? खालच्या आकड्यांच्या लहरी लांबवर जातात, डोंगरामागच्या वाडीला रेंज मिळते. रात्री बाळंतीण अडली की रुग्णवाहिकेला फोन लागावा, हे दीर्घिकेपेक्षा आधी. मी तरी असंच म्हणेन.

हीच ओढाताण जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी प्रत्यक्ष सोसली आहे. खोडदची जागा निवडली कारण सह्याद्रीच्या डोंगरांनी मुंबई-पुण्याचा गोंगाट अडवला जातो. पण मग त्या परिसरात कारखाना, टॉवर, मोठी वीजवाहिनी काहीही आणायचं म्हटलं की दुर्बिणीचा विचार करावा लागतो. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचा मूळ आखलेला मार्ग मंचर, नारायणगाव, संगमनेरवरून जाणारा होता. विजेवरची गाडी धावताना वरच्या तारेला घासते, ठिणग्या पडतात. ठिणगीचं काय होतं ते तुम्ही आज ऐकलंच. जीएमआरटीला बाधा येईल या कारणानं रेल्वे मंत्रालयानं तो मार्ग बाजूला ठेवून शिर्डीकडून जाणारा मार्ग पुढं आणला. त्या भागातले लोक चिडले, आंदोलनं झाली. वर्षानुवर्षं रेल्वेची वाट बघायची, आणि ती आभाळ ऐकणाऱ्या परड्यांमुळं दुसरीकडं वळायची!

मी त्या भागातली नाही, त्यामुळे मला बोलणं सोपं आहे, हे कबूल करते. दुर्बीण हलवता येत नाही आणि तशी दुसरी या देशात नाही, हे मला पटतं. पण शांततेची किंमत असते, आणि ती कोण मोजतं ते मोकळेपणानं बोललं जात नाही. ज्ञान साऱ्या जगाचं. गाडी गेली ती नारायणगावच्या बाजारात क्रेट घेऊन येणाऱ्या बाईची. टेलला पाणी सोडायचं म्हणून ज्याची पाळी कमी करता, त्याला आधी विचारायला हवं आणि बदल्यात काहीतरी द्यायला हवं. चांगला रस्ता द्या, जमिनीखालून किंवा वळसा घालून गाडी नेता येईल का ते मन लावून तपासा आणि तपासलेलं लोकांना समजेल अशा भाषेत सांगा. आपल्या गटात एखादीचा कर्जाचा नंबर मागं ढकलला तर आपण तिला समोर बसवून कारण सांगतो. तेवढं तरी.

डोंगर आडवे येतात ते जमिनीवरच्या गोंगाटाला. वरून येणाऱ्याचं काय? गेल्या काही वर्षांत इंटरनेट देणारे हजारो उपग्रह आभाळात गेले आहेत. नेदरलँड्समधल्या लोफार या रेडिओ दुर्बिणीनं २०२३ मध्ये दाखवून दिलं की स्टारलिंकच्या उपग्रहांच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांतूनही लहरी झिरपतात. मुद्दाम सोडलेल्या नव्हेत, नुसत्या झिरपणाऱ्या. नियमांचं पुस्तक लिहिलं गेलं ते बोलणाऱ्यांसाठी. ज्याला बोलायचंच नाही पण ज्याच्या पोटातून गुरगुर ऐकू येते, त्याला कुठलं कलम लावायचं, यावर अजून वाद चालू आहे.

एक जागा मात्र अजून शांत आहे. चंद्राची पलीकडची बाजू. पृथ्वीकडं ती कधीच तोंड करत नाही, त्यामुळे आपला सगळा गोंगाट चंद्रच अडवतो. आंतरराष्ट्रीय नियमांत ती बाजू रेडिओ दुर्बिणींसाठी जपायची नोंद आधीपासून आहे. पण आता चंद्रावर वर्दळ वाढते आहे. आपलं चांद्रयान २३ ऑगस्ट २०२३ला उतरलं, इतरही देश जात आहेत. तिथं माणसं राहिली, गाड्या फिरल्या, की त्यांना एकमेकांशी बोलायला लहरी लागणारच. २०२७च्या जागतिक परिषदेत चंद्रावरच्या बोलण्यासाठी पट्टे ठरवायचा विषय ठेवलेला आहे. गाव वसायच्या आधी पाणीवाटप ठरवायचा प्रयत्न. आपल्याकडं नेहमी उलटं होतं.

आता घरचं. तुमच्या ट्रान्झिस्टरमध्ये खरखर येत असेल तर ती कुठून येते ते तुम्हाला स्वतःला शोधता येईल. बॅटरीवर चालणारा रेडिओ घ्या. मीडियम वेव्हवर, जिथं कुठलंच केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि आवाज वाढवा. मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर थांबली तर चोर घरात आहे. एकेक वस्तू चालू करून बघा. स्वस्तातले एलईडी बल्ब, बिनशिक्क्याचे चार्जर, इन्व्हर्टर यांच्यात बहुतेक वेळा सापडतो. मेन बंद करूनही खरखर राहिली तर रेडिओ घेऊन बाहेर चाला. विजेच्या खांबाजवळ वाढली तर वर सैल सांधा किंवा तडकलेला इन्सुलेटर असू शकतो. त्याला हात लावायचा नाही, काठीसुद्धा नाही. खांबाचा नंबर लिहून घ्या आणि लाइनमनला कळवा. अशा सांध्यातून वीजही वाया जाते आणि उन्हाळ्यात ठिणगी पडून चारा, ऊस पेटतो, त्यामुळे ही तक्रार नुसत्या रेडिओसाठी नाही हे त्याला ठणकावून सांगा.

आणि झटका मशीनवाल्या बायांनो, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तारेखालचं गवत कापा. आधी मशीन बंद, मग विळा. गवत टेकलेल्या तारेत झटक्याचा जोर उतरतो. डुकरं मक्यात आणि टकटक रेडिओत, असा दोन्हीकडून तोटा. त्या वाडीवरच्या बाईंना आम्ही हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणूनच मेली परवा आत शिरली होती."

खरखर कुठं सापडली ते केंद्रावर फोन करून जरूर कळवा.